फवारणीच्या तक्त्यात चौथा रकाना हवा: सोलापूर जिल्ह्याच्या कृषी यंत्रणेला खुले पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील कृषी यंत्रणेचे सन्माननीय अधिकारी
आणि रोगनियंत्रणाच्या शिफारशी ठरवणारे सर्व तज्ज्ञ यांस,

स. न. वि. वि.

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आणि डाळिंबाचा हस्त बहार यांच्या तोंडावर यंदाही गावोगाव फवारणीचा तक्ता वाटला गेला. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, बार्शी, उत्तर सोलापूर, सगळीकडे तोच. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो आहे, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर आहे आणि प्रत्येकाच्या मोबाइलवरही आहे. त्यात तीन रकाने आहेत: दिवस, औषध, लिटरला प्रमाण. औषध बुरशीच्या शरीरात नेमके कुठे घाव घालते हे सांगणारा चौथा रकाना त्यात नाही. आणि हे औषध नेमक्या कोणत्या बुरशीसाठी आहे, हेही बहुतेक ओळींत लिहिलेले नाही. रोगाच्या जागी नुसते 'बुरशीजन्य रोग' एवढेच छापले आहे.

आम्ही सह्या करणाऱ्यांपैकी काहीजण डाळिंब आणि द्राक्षाचे बागायतदार आहोत, तर काहीजण वनस्पती रोगशास्त्र शिकून याच जिल्ह्यात काम करणारे. बाग वाळली तर ती आमची वाळते. औषधांची उधारी आमच्या खात्यावर चढते. एखाद्या गटाचे औषध या भागात एकदा निकामी झाले, की ते कंपनीने किंवा खात्याने गमावलेले नसते, आमच्या शिवाराने गमावलेले असते. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत, आणि त्यातला तांत्रिक भागही मुद्दाम सविस्तर लिहीत आहोत. ज्या बागायतदाराला 'तुम्हाला यातले काय कळणार' असे ऐकवले जाते, त्यालाही ते वाचता यावे.

पहिली तक्रार तक्त्यातल्या औषधांच्या क्रमाबद्दल. त्यात एका फवारणीला ॲझॉक्सिस्ट्रोबिन अधिक टेब्युकोनॅझोल आहे, पुढच्या फवारणीला ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन अधिक टेब्युकोनॅझोल, त्यानंतर ॲझॉक्सिस्ट्रोबिन अधिक डायफेनोकोनॅझोल. वर सूचना आहे: 'औषधे आलटून पालटून वापरावीत.' बागायतदाराने तीन वेगळे डबे विकत घेतले, तीन वेगळ्या किमती मोजल्या आणि सूचना पाळल्याचे समाधान मानले. प्रत्यक्षात त्याने तीनही वेळा गट ११ आणि गट ३ हीच जोडी मारली. पालट काहीच झाला नाही.

हे गट आमच्या मनचे नाहीत. बुरशीनाशकांच्या प्रतिकारशक्तीवर काम करणारी फ्रॅक ही आंतरराष्ट्रीय समिती औषधाच्या क्रियास्थानानुसार हे क्रमांक देते. गट ११ म्हणजे स्ट्रोबिल्युरिन वर्ग: ॲझॉक्सिस्ट्रोबिन, क्रेसॉक्झिम मिथाइल, पायराक्लोस्ट्रोबिन, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन. ही औषधे बुरशीच्या मायटोकॉन्ड्रियातील सायटोक्रोम बी या प्रथिनाला चिकटतात आणि श्वसनाची साखळी तिथेच तोडतात. ऊर्जा बंद झाली की बीजाणू रुजत नाही. या प्रथिनाच्या १४३ व्या जागी ग्लायसीन हे अमिनो आम्ल असते. जनुकात एका अक्षराचा फरक पडून तिथे ॲलॅनीन आले, की औषध त्या जागी बसतच नाही. या बदलाला जी१४३ए म्हणतात. तो झालेल्या बुरशीवर गट ११ मधले एकही औषध नीट चालत नाही. डोस दुप्पट केला तरी नाही, आणि नाव बदलले तरी नाही.

असे बदल निसर्गात होतच असतात. आपल्याच जिल्ह्यात नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉम्सन जातीच्या द्राक्षवेलीवरचा एक वेगळा बदल हेरून सोनाका जात निवडली, हे प्रत्येक द्राक्षवाल्याला ठाऊक आहे. तिथे निवड करणारा माणूस होता. बुरशीच्या बाबतीत निवड करतो तो आपला पंप. कोट्यवधी बीजाणूंत एखादाच बदललेला असतो. एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा मारले, की बाकीचे मरतात आणि मोकळी झालेली बाग त्या एकाच्या पिलावळीला मिळते. स्ट्रोबिल्युरिन औषधे १९९६ मध्ये बाजारात आली आणि १९९८ मध्येच उत्तर जर्मनीत गव्हाच्या भुरीत जी१४३ए सापडला. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांमधील डाऊनीतही (पानामागे पांढरी वाढ दिसणारा रोग) हा बदल आढळल्याचे शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहे. म्हणजे माहिती उपलब्ध आहे, ती तक्त्यापर्यंत पोहोचलेली नाही.

याच मुद्द्यावर एक बारकावा आहे, आणि तो शिफारस करणाऱ्याला माहीत असायलाच हवा. तांबेऱ्याच्या अनेक बुरशींत सायटोक्रोम बी जनुकातील १४३ व्या संकेतानंतर लगेच एक इंट्रॉन असतो, म्हणजे कापून टाकायचा मधला तुकडा. तिथले अक्षर बदलले तर तो तुकडा नीट कापला जात नाही आणि बुरशी स्वतःच जगत नाही. म्हणून या तांबेऱ्यांत जी१४३ए टिकत नाही. टोमॅटोवरचा लवकर येणारा करपा, अल्टरनेरिया सोलानी, त्याचेही तसेच. पण त्याचीच जवळची नातलग अल्टरनेरिया अल्टरनाटा, जी डाळिंबाचे फळ आतून काळे करते, तिच्या जनुकात तो इंट्रॉन नाही आणि तिच्यात जी१४३ए येऊ शकतो. दोन्ही 'अल्टरनेरिया'च, पण एकीवर औषध जास्त काळ टिकेल आणि दुसरीवर काही हंगामांत जाईल. तक्त्यात मात्र दोघींना एकच ओळ.

गट ३ ची, म्हणजे ट्रायझोल वर्गाची गोष्ट वेगळी आहे. हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल ही औषधे सीवायपी५१ या विकराला (एन्झाइमला) अडवतात. त्यामुळे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल तयार होत नाही, अर्धवट स्टेरॉल साचतात आणि पटल गळू लागते. इथे प्रतिकारशक्ती एका झटक्यात येत नाही, पायरी पायरीने येते. द्राक्षाच्या भुरीत याच विकराच्या १३६ व्या जागी टायरोसीन जाऊन फिनाइलॲलॅनीन येते. काही बुरशी हा विकर जास्त प्रमाणात बनवू लागतात, काही औषध पेशीबाहेर फेकणारे पंप वाढवतात. बागायतदाराला एवढेच जाणवते की पूर्वी पंधरा दिवस टिकणारे औषध आता आठ दिवसांत उतरते. त्यावर काउंटरवरून सल्ला मिळतो, 'डोस थोडा वाढवा.' दुसरीकडे पैसे वाचवायला कुणी अर्ध्या डोसने मारतो. अर्धा डोस तर या पायऱ्या चढायला बुरशीला मदतच करतो, कारण थोडीशी बदललेली बुरशीही त्यातून वाचते.

दुसरी तक्रार याहून साधी आणि म्हणूनच जास्त खटकणारी आहे. डाऊनीच्या ओळीत हेक्झाकोनॅझोल छापले आहे. डाऊनी, म्हणजे प्लाझ्मोपारा व्हिटिकोला, ही खरी बुरशी नाहीच. ती ऊमायसीट या वेगळ्या गटातली आहे, शैवालांच्या नात्यातली. तिची पेशीभित्ती मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकानची, खऱ्या बुरशीसारखी कायटिनची नाही. आणि ती स्वतः एर्गोस्टेरॉल बनवतच नाही. जो कारखाना तिच्याकडे नाही, तो बंद पाडणारे औषध तिच्यावर मारून उपयोग काय? पाऊस पडून पानामागे पांढरी वाढ दिसू लागल्यावर त्या ओळीप्रमाणे ज्याने फवारले, त्याचे औषध, मजुरी आणि डिझेल तर गेलेच, पण रोग आवरायचे मोलाचे दिवसही गेले. वर भुरीविरुद्ध वापरायचे ट्रायझोल फुकट खर्ची पडले ते वेगळेच.

डाऊनीसाठी वेगळे गट आहेत: गट ४ मधले मेटॅलॅक्झिल, गट ४० मधले डायमेथोमॉर्फ, इप्रोव्हॅलिकार्ब आणि मँडिप्रोपॅमिड, गट २७ चे सायमॉक्झॅनिल, गट ४३ चे फ्लुओपिकोलाइड, शिवाय फोसेटिल ॲल्युमिनियम. त्यांनाही मर्यादा आहेत. मेटॅलॅक्झिल १९८० मध्येच आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यावर निकामी झाले होते, कारण ते एकट्याने वापरले गेले. गट ४० ची औषधे सेल्युलोज बनवणाऱ्या प्रथिनावर काम करतात. त्याच्या ११०५ व्या जागी एक बदल झाला की पूर्ण गट एकत्रच कमजोर होतो. म्हणून यातले कोणतेही औषध मँकोझेब, प्रोपिनेब किंवा तांबे अशा अनेक ठिकाणी एकदम घाव घालणाऱ्या स्पर्शजन्य औषधासोबतच सुचवायला हवे. अर्थात फोसेटिल आणि तांबे एकत्र करू नये, हेही तिथेच लिहायला हवे: फोसेटिलच्या आम्लामुळे तांबे जास्त विरघळते आणि कोवळी पाने भाजतात.

तक्त्याच्या डाळिंबाच्या भागात तेल्यालाही (तेलकट डागांच्या रोगालाही) 'बुरशीजन्य रोग' या मथळ्याखाली घातले आहे. तेल्या झँथोमोनास या जिवाणूमुळे होतो. त्यावर ट्रायझोल मारणे म्हणजे निव्वळ नुकसान. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र ज्या जिल्ह्यात केगावला आहे, त्या जिल्ह्याच्या तक्त्यात ही चूक राहू नये, एवढी अपेक्षा आम्ही ठेवली तर ती जास्त नाही.

तिसरी तक्रार मर रोगाची. यावर आम्ही जरा थांबणार आहोत, कारण सांगोला आणि मंगळवेढ्याच्या पट्ट्यात उभ्या बागा गेल्या त्या प्रामुख्याने मरीने.

डाळिंबाची मर १९९० च्या सुमारास शेजारच्या विजापूर भागात दिसू लागली. तिचे मुख्य कारण सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटा ही बुरशी. आधी एका फांदीची पाने पिवळी पडतात, मग ती फांदी वाळते, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झाड उभेच्या उभे जाते. बुंधा आडवा कापला तर लाकडात तपकिरी-राखाडी, ताऱ्यासारखा फाकलेला डाग दिसतो. पण झाड सुकण्याची कारणे अनेक आहेत: फ्युजॅरियम, मुळावर गाठी करणारी सूत्रकृमी, खोडाला बारीक छिद्रे पाडणारा शॉट होल बोरर, किंवा नुसते साचलेले पाणी. प्रत्येकाचा उपाय वेगळा. तक्त्यात मात्र सगळ्यांना मिळून 'मर: कार्बेन्डाझिमची आळवणी', म्हणजे औषधाचे पाणी मुळाशी ओतणे.

नमुना दिला तर अहवाल काय येतो? 'फ्युजॅरियम आढळले.' असे का येते, ते आम्ही सांगतो. लाकडाचा तुकडा थेट बटाटा-साखरेच्या माध्यमावर ठेवला, की फ्युजॅरियम भरभर पसरते आणि हळू वाढणाऱ्या सेराटोसिस्टिसला झाकून टाकते. बशीत जे दिसले तेच कारण म्हणून लिहिले जाते. आणि फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम तर जवळपास प्रत्येक जमिनीत, निरोगी मुळांवरसुद्धा सापडते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की टोमॅटोची मर घडवण्याची ताकद या बुरशीच्या काही जादा गुणसूत्रांवर असते, आणि असे गुणसूत्र निरुपद्रवी वाणात गेले तर तोही रोगकारक होतो. म्हणजे नुसते प्रजातीचे नाव सापडणे हा रोगाचा पुरावाच नाही. डीएनए तपासणी केली तरी काम संपत नाही. नेहमी वाचला जाणारा डीएनएचा आयटीएस हा तुकडा फ्युजॅरियमच्या जाती नीट वेगळ्या करत नाही; त्यासाठी टीईएफ१ जनुक वाचावे लागते. सेराटोसिस्टिसमध्ये तर एकाच वाणात आयटीएसच्या दोन-दोन आवृत्त्या सापडतात, म्हणून तिथेही आणखी एखादे जनुक वाचावे लागते. अहवालात यातली कोणती पद्धत वापरली, हे लिहिण्याची पद्धतच नाही.

सेराटोसिस्टिस पकडायची खात्रीची रीत स्वस्त आहे आणि जगभर वापरली जाते: गाजर. ताजे गाजर धुऊन, सोलून, स्पिरिटने पुसावे आणि पाच-पाच मिलिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. नमुना पूर्ण वाळलेल्या झाडाचा घेऊ नये. नुकत्या पिवळ्या पडू लागलेल्या झाडाच्या बुंध्याजवळचे किंवा जाड मुळाचे, दहा-पंधरा सेंटिमीटरचे लाकूड घ्यावे आणि ते प्लॅस्टिकमध्ये नव्हे, कागदात गुंडाळून आणावे. डाग आणि चांगले लाकूड जिथे मिळते, त्या कडेच्या काडीएवढ्या चिपा काढाव्यात. दोन चकत्यांमध्ये चिपा दाबून कागदी टेपने बांधावे, ओला टिश्यू घातलेल्या डब्यात २५ अंशांच्या आसपास ठेवावे. सोबत निरोगी झाडाच्या चिपांची एक जोडी तशीच ठेवावी, म्हणजे तुलना होते. पाच ते दहा दिवसांत चकत्या उघडल्या, की सेराटोसिस्टिस असल्यास दहापट भिंगातून काळे गोल ठिपके दिसतात. प्रत्येकातून केसासारखी, जेमतेम मिलिमीटरभर मान वर आलेली असते आणि तिच्या टोकाशी मलईच्या रंगाचा चिकट थेंब. डबा उघडताच बहुतेकदा पिकलेल्या केळ्यासारखा वासही येतो. तो थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की टोपीच्या आकाराचे बीजाणू दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरच्या खोलीत डबा तसाच ठेवला तर मात्र चाचणी फसते. ३५ अंशांच्या वर ही बुरशी जवळपास वाढतच नाही आणि रोग असूनही अहवाल 'नाही' असा येतो. त्या दिवसांत थंड कपाट लागतेच.

तो वास काही गंमत नाही, तो या बुरशीच्या चयापचयाचा भाग आहे. ती एस्टर वर्गातली सुगंधी द्रव्ये सोडते आणि त्याकडे कीटक ओढले जातात. बुरशीने पोखरलेल्या लाकडातला भुसा, कीटकांच्या अंगाला चिकटलेला तो थेंब, छाटणीची कात्री, पाटाचे पाणी, अशा सगळ्या वाटांनी ती शेजारच्या झाडावर जाते. म्हणून मेलेले झाड ओढत बांधावर आणून सरपणासाठी रचून ठेवू नये, तिथल्या तिथे जाळावे, हे तक्त्यात ठळक हवे होते. ते नाही. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी, हेही नाही.

तिची आनुवंशिकता आणखी काळजीत टाकणारी आहे. या बुरशीला संकरासाठी जोडीदार लागतोच असे नाही. एकच बीजाणू पुरेसा. तो स्वतःशीच संयोग करून पिढी काढतो. त्या पिढीतल्या सुमारे निम्म्या बीजाणूंमधून संयोगाचे एक जनुक गळून पडते, ते एकटे पुढे संयोग करू शकत नाहीत आणि हळू वाढतात. पण उरलेले निम्मे पुरे असतात. याचा व्यावहारिक अर्थ असा: रोगट बागेतल्या गुटी कलमांच्या एका पेटीतून आलेले एक झाड नव्या तालुक्यात साथ सुरू करायला पुरते. आणि रोपवाटिकांच्या मातृवृक्षांची गाजर-चाचणी जिल्ह्यात कुठेही सक्तीची नाही. अनुदानाच्या लागवडीसाठी बिल तपासले जाते, रोपाचे आरोग्य तपासले जात नाही.

आता कार्बेन्डाझिमच्या त्या एका ओळीकडे या. आळवणीतून औषध मुळांत गेले तर कार्बेन्डाझिम असो वा ट्रायझोल, दोन्ही पाण्यासोबत वर चढतात. खाली उतरत नाहीत. म्हणून मरीसाठी पानांवर केलेली फवारणी मुळापर्यंत पोहोचत नाही, हे आधी सांगायला हवे. दुसरे, सेराटोसिस्टिस लाकडात आणि मातीत जाड भिंतीचे विश्रांतीतले बीजाणू ठेवते. ट्रायझोल वाढत्या बुरशीचे स्टेरॉल थांबवते. झोपलेला बीजाणू नवे स्टेरॉल बनवतच नसतो, म्हणून ते त्याला मारत नाही. आळवणीने शेजारची चांगली झाडे वाचवता येतात. मेलेल्या झाडाच्या खड्ड्यातली माती निर्जंतुक होत नाही. त्याच खड्ड्यात लगेच नवे रोप लावा असा सल्ला आजही गावात दिला जातो आणि ते रोप फळावर येण्याआधी जाते.

याच तर्काने स्ट्रोबिल्युरिनची वेळही ठरते. बीजाणू रुजताना त्याला सर्वांत जास्त ऊर्जा लागते, तेव्हाच हे औषध चांगले लागू पडते. डाग दिसल्यावर मारले तर रोग थांबत नाही आणि मोठ्या संख्येने वाढलेल्या बुरशीत प्रतिकारक बीजाणू निवडले जाण्याची शक्यता मात्र वाढते. डाळिंबाचे फळ आतून काळे पडते तो संसर्ग फुलोऱ्यातच झालेला असतो. लिंबाएवढे फळ झाल्यावरची फवारणी त्याला उशिराची आहे.

चौथी तक्रार वाटप केलेल्या संचाबद्दल. एका पिशवीत ट्रायकोडर्मा आणि कार्बेन्डाझिम दोन्ही, आणि 'एकत्र आळवणी करावी' अशी चिठ्ठी. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी आहे आणि ती कार्बेन्डाझिमला चांगलीच बळी पडते. एका पिंपात दोन्ही कालवली की शासनाच्या पैशाने शासनाचीच मित्रबुरशी मारली जाते. शिवाय ट्रायकोडर्माच्या भुकटीत ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू असावेत असे प्रमाण आहे. टिनाच्या पत्र्याखाली मे महिना काढलेल्या पिशवीत ते किती उरले, हे वाटपाआधी तपासले जावे. भुकटी पाण्यात टप्प्याटप्प्याने पातळ करून माध्यमावर मोजण्याचे काम आहे, त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा तर तक्त्यात उल्लेखच जेमतेम आहे: खडखड्या या ताटाच्या रोगासाठी बीजप्रक्रिया. खडखड्याची बुरशी, मॅक्रोफोमिना फॅसिओलिना, ५०० हून अधिक वनस्पतींवर जगते आणि तिचे काळे बारीक दाणे मातीत वर्षानुवर्षे राहतात. ती ताटात घुसते ती फुलोऱ्यानंतर जमिनीत ओल संपून उष्णता वाढली की. बियाण्यावर लावलेले औषध तोवर उरत नाही. इथे ओल धरणे, रोपांची दाटी कमी करणे आणि शक्य असल्यास फुलोऱ्यात एक संरक्षित पाणी देणे हाच उपाय आहे, आणि तो फुकटात सांगता येतो.

बोअरच्या पाण्याचाही विचार व्हावा. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी आहे. कॅप्टानसारखे औषध सामू (पीएच) ७ ला काही तास टिकते, ९ च्या जवळ काही मिनिटांतच विघटित होते. टाकी भरून जेवायला गेलेल्या माणसाने परत येऊन नुसते पाणी फवारलेले असते.

आमच्या मागण्या अशा आहेत.

पुढच्या प्रत्येक तक्त्यात, पत्रकात आणि मोबाइल संदेशात औषधाच्या तांत्रिक नावापुढे त्याचा गट क्रमांक छापावा आणि रोगाच्या रकान्यात रोगकारकाचे नाव लिहावे. मिश्र औषध असेल तर दोन्ही गट. एका बहारात गट ११ ची औषधे दोनदाच, आणि तीही स्पर्शजन्य जोडीदारासह, अशी मर्यादा तक्त्यातच घालावी. सध्याचा तक्ता दुरुस्तीपत्रकासह मागे घ्यावा; निदान डाऊनीची, तेल्याची आणि मरीची ओळ ताबडतोब.

प्रत्येक डाळिंब तालुक्यात गाजर-चाचणीची सोय करावी. एक सूक्ष्मदर्शक, एक भिंग, एक थंड कपाट आणि एक प्रशिक्षित माणूस, एवढेच लागते. अहवालावर नमुना कुठल्या भागाचा, कोणत्या दिवशी घेतला आणि कोणत्या पद्धतीने तपासला, हे लिहिणे बंधनकारक करावे. 'फ्युजॅरियम आढळले' एवढ्यावर अहवाल संपवू नये.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी दरवर्षी जिल्ह्यातल्या द्राक्ष गावांतून डाऊनी आणि भुरीचे नमुने घेऊन प्रतिकारशक्ती तपासावी. डाऊनीसाठी न फवारलेल्या वेलीच्या पानांच्या चकत्या, खालची बाजू वर करून, औषधाच्या चढत्या तीव्रतेच्या द्रावणांवर तरंगत ठेवायच्या, मिलिलिटरला सुमारे ५०,००० बीजाणूधान्यांचे पाणी थेंबाथेंबाने द्यायचे आणि २० ते २२ अंशांवर सात दिवसांनी बुरशी मोजायची. जी१४३ए तर पीसीआर या डीएनए तपासणीने पानावरच्या एका डागातून त्याच दिवशी कळतो. ज्या बुरशी माध्यमावर वाढतात, त्यांची स्ट्रोबिल्युरिन चाचणी करताना माध्यमात सॅलिसिलहायड्रॉक्सॅमिक आम्ल घालावे. नाहीतर बुरशी पर्यायी ऑक्सिडेजच्या आडवाटेने श्वसन चालू ठेवते आणि नसलेली प्रतिकारशक्ती दिसते. निकाल गावनिहाय जाहीर करावेत. कोणत्या गावात कोणता गट थांबवायचा, हे त्यावरून ठरवावे.

अनुदानाच्या लागवडीसाठी रोपे पुरवणाऱ्या प्रत्येक रोपवाटिकेच्या मातृवृक्षांची वर्षातून दोनदा मरीसाठी तपासणी व्हावी आणि तिचा दाखला रोपांसोबत मिळावा. ट्रायकोडर्मा आणि रासायनिक बुरशीनाशक एका संचात देणे बंद करावे. द्यायचेच तर किमान पंधरा दिवसांचे अंतर चिठ्ठीवर छापावे.

चाचण्यांसाठी जागा, नमुने आणि हात यांची कमतरता असेल तर आमच्यापैकी रोगशास्त्र शिकलेले सर्वजण कृषी सहायकांना गाजर-चाचणी शिकवायला कोणत्याही तालुक्याला येतील, आणि बागायतदार आपल्या बागा नमुन्यांसाठी खुल्या ठेवतील. दुरुस्त तक्ता छाटणीला सुरुवात होण्याआधी गावात पोहोचावा आणि या पत्राचे उत्तर लेखी, सर्वांना वाचता येईल असे मिळावे, ही विनंती.

आपले,
सोलापूर जिल्ह्यातील डाळिंब व द्राक्ष बागायतदार आणि वनस्पती रोगशास्त्राचे पदवीधर